देमार पिक्चरांनाही संगीतकार होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला जुन्या हिंदी चित्रपटसंगीतावरचा लेख मी दोनदा वाचला. नौशाद, सी. रामचंद्र, मदनमोहन, शंकर-जयकिशन यांच्याविषयी जे लिहिलं आहे ते मनापासून पटलं. शेवटच्या परिच्छेदात मात्र जादूचे, मारधाडीचे आणि पौराणिक चित्रपट एका वाक्यात निकालात काढले आहेत. अशा सुमार चित्रपटांतही चुकून एखादं चांगलं गाणं सापडतं, असा त्या वाक्याचा अर्थ. त्या ‘चुकून’ या शब्दासाठी हे पत्र लिहीत आहे. ते चुकून झालेलं नाही.

मी ७२ वर्षांची आहे. इंदूरच्या एका शाळेत २९ वर्षं संगीत शिकवलं. पण माझा कान तयार झाला तो एका टॉकीजच्या केबिनमध्ये. माझे मामा तिथे ऑपरेटर होते. आम्ही रामबागेत राहायचो आणि दुपारी मामांचा डबा पोचवायचं काम माझ्याकडे होतं. मागच्या लोखंडी जिन्याने वर गेलं की दार. आत दोन प्रोजेक्टर, कार्बनच्या कांड्यांचा डोळे दिपवणारा उजेड, त्यांचा उग्र वास, आणि रिळं उलटी गुंडाळायचं हातचाक. भिंतीत वीतभर झरोका होता, त्याला मामा डोळा लावून उभे असायचे. कार्बन जळत जातो तसा सरकवत राहावा लागतो, आणि पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात रीळ बदलायचा ठिपका आला की तो चुकवून चालत नाही. त्यामुळे झरोका मला कधी मिळायचा नाही. माझ्या वाट्याला यायचा कोपऱ्यातला लहानसा स्पीकर. म्हणजे हे पिक्चर मी पाहिले कमी आणि ऐकले जास्त.

मामांच्या टॉकीजला मोठ्या बॅनरचा नवा पिक्चर क्वचितच लागायचा. इंदूर हे सेंट्रल इंडिया सर्किटचं, म्हणजे चित्रपट वितरणाच्या एका विभागाचं ठाणं, वितरकांची ऑफिसं इथेच. इथून फिल्मचे डबे माळव्या-निमाडात जायचे आणि फिरून परत यायचे. आमच्याकडे यायचे ते बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या फेरीचे आणि त्यातही मारधाडीचे, जादूचे, पोशाखी म्हणजे राजेरजवाड्यांच्या वेशातले. थर्ड क्लास भरलेला, बाल्कनीत चार माणसं. खालून शिट्ट्या यायच्या, वर मामांची धावपळ, आणि मी डब्याच्या झाकणात चटणी वाढत ऐकत बसलेली.

चित्र न बघता हे पिक्चर ऐकले की एक गोष्ट लगेच कळते. सामाजिक पिक्चरच्या रिळात बोलणंच बोलणं. कोर्ट, दिवाणखाना, आईचं आजारपण. संगीत मधूनमधून हुंकार देणार. जादूच्या पिक्चरचं रीळ मात्र पाच-पाच मिनिटं एका शब्दाशिवाय जायचं, आणि तेवढा वेळ गोष्ट सांगायची जबाबदारी पूर्णपणे वाद्यांवर. गुहेचं दार उघडलं ते मला खालच्या पट्टीतल्या क्लॅरिनेटने कळायचं. गालिचा उडाला ते व्हायोलिनच्या सरसर चढत जाणाऱ्या सुरांनी. राक्षस झोपलाय की जागा आहे हे डबल बास सांगायचा. नंतर कधी तोच पिक्चर खाली बसून पाहिला की गुहा पुठ्ठ्याची दिसायची, राक्षसाच्या अंगावर केसाळ रग. तरी मनातली गुहा जात नसे, कारण ती वाद्यांनी आधीच खोदून ठेवलेली असायची.

बाबूभाई मिस्त्रींचं नाव जुन्या प्रेक्षकांना आठवत असेल. ‘ख्वाब की दुनिया’ (१९३७) या चित्रपटात त्यांनी काळ्या धाग्याने वस्तू हवेत तरंगवल्या, तेव्हापासून त्यांना ‘काला धागा’ हेच नाव पडलं. धागा दिसू नये हे बाबूभाईंचं काम. पण वस्तू खरोखरच तरंगतेय असं वाटायला लावणं हे संगीतकाराचं काम, आणि त्याला कोणी कसलंही टोपणनाव दिलं नाही.

एस. एन. त्रिपाठींचंच बघा. होमी वाडियांच्या ‘हातिमताई’ला (१९५६) संगीत त्यांचं. त्यातलं रफींचं ‘परवरदिगार-ए-आलम’ ज्यांनी ऐकलं असेल ते सांगतील की ही प्रार्थना जादूच्या पिक्चरमध्ये आहे याने तिच्या खोलीत कणभरही फरक पडत नाही. पुढच्याच वर्षी, १९५७ साली, रेडिओ सिलोनवरच्या बिनाका गीतमालेच्या वार्षिक यादीत पहिलं आलं ते ‘ज़रा सामने तो आओ छलिये’. चित्रपट ‘जनम जनम के फेरे’, संगीत त्रिपाठींचं. त्या साली स्पर्धेत कोणकोण होतं ते आपल्या लेखातच दिलेलं आहे. या गाण्याचं नाव मात्र लेखात नाही.

आपण इंदूरकरांनी तर त्रिपाठींना विसरूच नये. शाळेची सहल दर दोन वर्षांनी मांडूला जायची. रूपमतीच्या महालावर पोचल्यावर खाली निमाडाचं मैदान दिसलं की कोणीतरी मुलगी ‘आ लौट के आजा मेरे मीत’ सुरू करणार हे ठरलेलं. मी २९ वर्षांत हे गाणं तिथे ऐकलं नाही अशी एकही सहल झाली नाही. ‘रानी रूपमती’ (१९५९) हा पोशाखी चित्रपट, दिग्दर्शन आणि संगीत दोन्ही त्रिपाठींचं, गीत भरत व्यासांचं. मुलींना गाणं पाठ. संगीतकार कोण म्हणून विचारलं की कोणी नौशाद म्हणायची, कोणी शंकर-जयकिशन.

वडिलांची एक आठवण लिहिते. ते पक्के शास्त्रीयवाले, मामांच्या नोकरीबद्दल घरात अवाक्षर काढायचे नाहीत, आणि मी केबिनमध्ये बसते हे त्यांना मुळीच पसंत नव्हतं. एका सकाळी रेडिओ सिलोनवर मुकेशचं ‘झूमती चली हवा’ लागलं. वडील दाढी करत होते. ब्रश तसाच हातात धरून त्यांनी राग ओळखला, “वा! सोहनी.” गाणं संपेपर्यंत साबण गालावर वाळला. मग मी हळूच सांगितलं की हे ‘संगीत सम्राट तानसेन’मधलं, आणि हातिमताईला ज्यांचं संगीत होतं त्यांचंच हे. ते काही बोलले नाहीत. त्यानंतर पंधरा दिवसांनी जेवताना त्यांनी पहिल्यांदा विचारलं, “मामाकडे सध्या काय लागलंय?” मला आजही तो दिवस लख्ख आठवतो.

त्रिपाठींचे सहायक चित्रगुप्त. उच्चशिक्षित, बिहारमधून आलेले. १९५४च्या ‘अलीबाबा और चालीस चोर’ला दोघांचं मिळून संगीत आहे. ‘सिंदबाद’, ‘झिंबो’, दारासिंगचा ‘किंग काँग’ या सगळ्यांना सूर चित्रगुप्तांचे. १९५७च्या ‘भाभी’तलं ‘चल उड़ जा रे पंछी’ त्यांनीच दिलं तेव्हा लोक म्हणाले, अरे, हा माणूस इतकं चांगलंही करतो! मला हे ‘चांगलंही’ खटकतं. जंगलात ढोल कुठे आणि बोंगो कुठे, सापाच्या आधी शांतता किती मात्रांची, हे ठरवणाऱ्या माणसाला ‘पंछी’ची चाल सुचणारच. कान तोच आणि हातही तोच. पैसा कमी असल्यामुळे सहा-आठ वादकांकडून साठांचं काम करून घ्यायची सवय त्यांना लागली होती, आणि ती सवय त्यांच्या साध्यासुध्या गाण्यांतही ऐकू येते. तिथे एकही वाद्य नुसतं जागा भरायला बसवलेलं नाही.

मागच्या महिन्यात शहरात जुन्या गाण्यांचा एक कार्यक्रम झाला. ‘वो जब याद आए बहुत याद आए’ सुरू होताच अख्खं सभागृह सोबत गायला लागलं. गाणं झाल्यावर निवेदकांनी चित्रपटाचं नाव सांगितलं, ‘पारसमणि’, वर ‘जादूटोण्याचा पिक्चर हो!’ अशी पुस्ती जोडली, आणि लोक हसले. मला फार वाईट वाटलं. १९६३चा हा बाबूभाई मिस्त्रींचा चित्रपट, नायक महिपाल. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीच्या नावाने पडद्यावर आलेला पहिला चित्रपट हाच. लक्ष्मीकांत कुडाळकर हा मेंडोलिन वाजवणारा मराठी मुलगा आणि प्यारेलाल हा व्हायोलिन वाजवणारा त्याचा सोबती, दोघेही पंचविशीच्या आसपासचे. ‘वो जब याद आए’ हे गीत असद भोपालींचं, म्हणजे आपल्या शेजारच्या भोपाळचं. त्याच पिक्चरमधलं ‘हँसता हुआ नूरानी चेहरा’ अजून इथल्या वरातीत बँडवाले वाजवतात. या दोन मुलांना पहिली संधी कोणी दिली? मोठ्या बॅनरने नाही, जादूच्या पिक्चरने दिली. तिथे निर्माता चालीत ढवळाढवळ करत नसे, कारण त्याचं लक्ष ट्रिक सीनमध्ये अडकलेलं. नव्या माणसाला असं मोकळं रान दुसरीकडे मिळत नव्हतं. ओ. पी. नय्यर यांचे सहायक जी. एस. कोहली यांनाही ‘शिकारी’ (१९६३) असाच मिळाला, आणि त्यातलं ‘तुमको पिया दिल दिया’ लता-उषा या मंगेशकर बहिणींनी असं गायलंय की आजही ऐकताना पाय थांबत नाहीत.

आता माळव्यातलं एक नाव. सज्जाद हुसेन. जन्म सीतामऊचा, म्हणजे मंदसौर जिल्हा. मेंडोलिनवर मींड काढून, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जात, राग वाजवणारा हा माणूस. त्यांचा ‘रुस्तम सोहराब’ (१९६३) पोशाखीच होता. दिग्दर्शक ‘रणांगण’कार विश्राम बेडेकर, निर्माते एफ. यू. रामसे. हो, पुढे भुताच्या पिक्चरांमुळे घराघरात पोचलेल्या रामसे बंधूंचेच वडील. मामांच्या केबिनमध्ये या पिक्चरचं ‘ऐ दिलरुबा नज़रें मिला’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला पोळीचा घास गिळता आला नाही. लताबाई शीख मोहल्ल्यात जन्मल्या म्हणून आपण इंदूरकर अभिमान बाळगतो, तो बाळगावाच. पण त्यांना इतकं अवघड गाणं देणारा माणूसही आपल्याच मातीतला होता, हे शहरातल्या किती जणांना ठाऊक आहे?

रामसेंच्या पुढच्या भुतांच्या पिक्चरांबद्दल मला फारसं लिहिता येणार नाही, ते मी मुलाच्या हट्टामुळे दोन-तीनच पाहिले. ‘पुराना मंदिर’ला (१९८४) अजित सिंग यांचं संगीत होतं आणि सिंथेसायझरवरचे लांबवलेले सूर त्यांना वापरता येत होते हे मान्य. १९९०च्या ‘बंद दरवाज़ा’ला संगीत आनंद-मिलिंद यांचं, म्हणजे चित्रगुप्तांच्या मुलांचं. वडिलांनी सिंदबाद केला, मुलांनी भूत केलं. घराणं चालू राहिलं, एवढंच मला त्यात दिसलं आणि बरं वाटलं.

इंग्रजी पिक्चर मॉर्निंग शोला लागायचे. मामेभावाने मला ‘सेव्हन्थ व्हॉयेज ऑफ सिंदबाद’ (१९५८) दाखवला. त्यात नायक हाडांच्या सापळ्याशी तलवारीने लढतो. तिथे संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी काष्ठतरंग आणि खटाखट वाजणारे कॅस्टनेट वापरले आहेत, आणि हाडं वाजतायत की वाद्यं हे कळेनासं होतं. जपानच्या ‘गॉडझिला’ची (१९५४) डरकाळी म्हणजे डबल बासच्या तारेवर राळ लावलेला चामड्याचा हातमोजा घासून काढलेला आवाज, संगीतकार अकिरा इफुकुबे. हे मी पुष्कळ वर्षांनी वाचलं आणि मामांच्या केबिनमधला तो डबल बास आठवला. तिकडे या माणसांवर पुस्तकं आहेत, त्यांचं पार्श्वसंगीत ऑर्केस्ट्रा रंगमंचावर बसून वाजवतात. आपल्याकडे तेवढ्याच कसबाचं काम झालं, आणि ते ‘चुकून’ झालं असं आपण छापतो.

संपादक महाराज, या पत्राचा खरा मुद्दा इथून पुढे आहे. गाणी वाचली, कारण त्यांच्या तबकड्या निघाल्या. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीवर एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावायची, तेवढं गाणं घराघरात जाऊन बसलं. पार्श्वसंगीताची तबकडी कोण काढणार? ते फक्त फिल्मच्या कडेला, चित्राशेजारच्या बारीक पट्टीत होतं. प्रिंट तुटली की मामा ब्लेडने कड खरवडून, फिल्म जोडायचं सिमेंट लावून सांधायचे, आणि दर सांध्याला थोडी फिल्म कापली जायची. एक फूट फिल्म म्हणजे १६ चित्रं आणि सेकंदाला लागतात २४. फूटभर फिल्म गेली की दोन तृतीयांश सेकंद संगीत गेलं. माळव्या-निमाडात फिरून आलेल्या प्रिंटला असे किती सांधे असत ते मी मोजलेले आहेत, एका रिळात एकदा ३१ निघाले होते. आणि प्रिंट पार झिजली की ती भंगारात. कृष्णधवल फिल्मवर चांदी असते, ती काढायला घेणारे लोक असत. पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) आज कुठेही उरलेला नाही, तर दारासिंगच्या पिक्चरच्या सातव्या रिळाची कोणाला पर्वा असणार!

मामांनी एक रीळ जपून ठेवलं होतं. वितरकाने टाकून दिलेलं, जादूच्या पिक्चरमधलं, गुहेचा प्रसंग. डब्यावरची चिठ्ठी निघून गेलेली. दिवाळीत पाहुणे आले की रात्रीचा शेवटचा खेळ संपल्यावर मामा आम्हा मुलांसाठी ते लावायचे, रिकाम्या थिएटरात. तेवढ्याच वेळा मी खाली बसून, समोर पडदा घेऊन ते पाहिलं. मामा गेल्यावर घर बदलताना ते रीळ बाकीच्या अटाल्याबरोबर, म्हणजे भंगाराबरोबर, किलोवर विकलं गेलं. मी तेव्हा बाळंतपणासाठी सासरी होते, मला कळलं ते सहा महिन्यांनी. कोणाची चूक म्हणून सांगत नाही. घरात कोणालाच वाटलं नाही की त्या डब्यात काही आहे.

आता मागणी. पहिली आपल्याकडे. आपल्या पुरवणीत गाण्याचा उल्लेख येईल तिथे चित्रपटाचं आणि संगीतकाराचं नाव छापा, चित्रपट मारधाडीचा असला तरी. शहरातल्या जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांच्या बातम्यांतही तेच करा, म्हणजे निवेदकांनाही सवय लागेल. त्रिपाठी, चित्रगुप्त, कोहली, सज्जाद यांच्यावर एकेक स्वतंत्र लेख द्या. लिहिणारे शहरात आहेत.

दुसरी मागणी वाचकांकडे. ज्यांच्या घरी माळ्यावर गाण्यांची पातळ पुस्तकं असतील, ज्यांत अर्धी गोष्ट सांगून ‘शेष परदे पर देखिए’ म्हणून सोडून द्यायचे, ती रद्दीत घालू नका. त्यावर कधीकधी वादकांची, सहायकांची नावं असतात, जी दुसरीकडे सहसा मिळत नाहीत. कोणाकडे फिल्मचे डबे असतील तर अटालेवाल्याला देऊ नका, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. ते १९६४पासून हेच काम करत आहेत. तबकड्या असतील तर आपल्या इंदूरजवळ पिगडंबरला ग्रामोफोन रेकॉर्डचं संग्रहालय आहे, ते तर अर्ध्या तासाच्या अंतरावर. माझ्याकडे मामांची ४३ पुस्तकं आहेत. ती मी पुढच्या महिन्यात पुण्याला पोचवणार आहे, यादी करून ठेवली आहे.

आणि त्या रिळातला गुहेचा तुकडा. तो मला अजून पाठ आहे, पेटीवर रोज एकदा तरी वाजवते. आधी खालच्या सप्तकात क्लॅरिनेट एकटी: सा रे ग ऽ म ग रे सा. मग थोडं थांबून तीच चाल पंचमापासून व्हायोलिनवर: प ध नि ऽ सां नि ध प. रे आणि ध कोमल, बाकी सगळे शुद्ध, म्हणजे आपल्या भैरवाचेच सूर, पण ठेका असा की डोळ्यांपुढे वाळवंट येतं. यानंतर डबल बासचे तीन ठोके आणि दार उघडतं. हे सूर जमले तर जसेच्या तसे छापावेत. कोणा वाचकाने हा तुकडा ऐकला असेल आणि पिक्चर ओळखीचा वाटला, तर याच सदरात कळवावं. मी रोज सकाळी हे पान आधी उघडते.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त संगीत शिक्षिका
राजेंद्रनगर, इंदूर